पुढचे दात बाजाराचे

आमच्या आजोबांचा टांगा साताऱ्यात राजवाड्यापाशी उभा असे. घोडीचं नाव चंद्री. १९६१च्या पावसाळ्यात, मी नऊ वर्षांचा असताना, ती खाता खाता तोंडातून गवताच्या गोळ्या टाकायला लागली. अर्धवट चावलेल्या, लाळेनं चिकट झालेल्या, विड्याएवढ्या हिरव्या गोळ्या. आजी म्हणायची, "तुमची घोडी पान खाऊन थुंकतीय." आजोबा हसायचे नाहीत. चंद्रीच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या, आणि टांगेवाल्याच्या घरात घोडीच्या बरगड्या दिसल्या की महिन्याभरात माणसांच्याही दिसायला लागतात.

शेजारच्या एकानं सांगितलं, तालू फुगलीय, डाग द्या. दुसऱ्यानं हळद-मीठ चोळायला सांगितलं. आजोबांनी सदर बाजारातून नालबंदाला बोलावलं. ते त्याला उस्ताद म्हणत, तो त्यांना अण्णा. उस्तादानं गव्हाणीतल्या दोन गोळ्या उचलून बोटांनी उकलल्या, मग चंद्रीच्या गालावरून बाहेरूनच अंगठा दाबत नेला. एका जागी तिनं झटकन मान काढून घेतली. "अण्णा, दाढंला धार आलीय," तो म्हणाला.

काठीच्या टोकाला दोरीचा फास, त्यात घोडीचा वरचा ओठ घालून पीळ दिलेला. काठी आजोबांच्या हातात, कंदील माझ्या. उस्तादानं तिची जीभ एका बाजूनं बाहेर ओढली आणि खूर घासायची कानस गालात घातली. करवतीला धार लावताना येतो तसा आवाज. तांबूस फेस त्याच्या कोपरापर्यंत आला. वीस-पंचवीस हात मारले असतील. "बास," तो म्हणाला, "जास्त नको."

चौथ्या दिवशी चंद्री नीट खाऊ लागली. उस्तादाचं निदान बिनचूक होतं, हे मला पुढं कळलं. पण त्यानंतर महिनाभर ती डोक्याला हात लावू देईना. लगाम चढवायला आजोबांना रोज अर्धा तास लागायचा, आणि पहिल्या गाडीची गिऱ्हाइकं दुसऱ्याच्या टांग्यात बसून निघून जायची. दाढ बरी झाली आणि घोडी बिघडली. या दोन गोष्टींतलं अंतर कसं मिटलं, किंवा किती मिटलं, हे मी पशुवैद्य म्हणून आयुष्यभर पाहत आलो.

घोड्याचं तोंड दोन खोल्यांचं घर आहे. पुढच्या खोलीत सहा वर, सहा खाली असे बारा कुरतडायचे दात. मग हिरडीची मोकळी पट्टी. लगामाची कडी बसते ती इथं. घोड्याला या पट्टीत चार सुळे असतात, घोडीला बहुधा नसतात. आणि मागच्या काळोख्या खोलीत चोवीस दाढा. घोडीचे छत्तीस दात आणि घोड्याचे चाळीस, हा हिशेब तिथं पुरा होतो.

या दाढा म्हणजे जातं. आपल्या जात्याला अधूनमधून टाकी लावावी लागते. घोड्याच्या दाढेला निसर्गानंच टाकी लावून ठेवली आहे. कठीण कवचाच्या वळ्या आणि त्यांच्यामधला मऊ भाग कमी-अधिक झिजतात, म्हणून पृष्ठभाग कायम खरखरीत राहतो. गवतातली वाळूसारखी सिलिका ही दाढ वर्षाला दोन-तीन मिलिमीटर झिजवते, आणि तेवढीच दाढ हिरडीतून वर सरकते. तरण्या घोड्याच्या जबड्यात तीन इंचांच्या आसपास शिल्लक असते. ती संपली की घोडा संपला.

गोम अशी, की वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद आहे. त्यामुळे वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड पुरती घासली जात नाही. रानात दिवसाचे चौदा-पंधरा तास चरणारा घोडा जबडा आडवा, लांबवर फिरवतो. त्यात कडाही बऱ्याच झिजतात. पण त्याला तबेल्यात बांधून तोबऱ्यातून हरभऱ्याची चंदी चारली, की तो जबडा उभा आणि आखूड हलवतो. कडा राहतात, वाढतात, सुरीसारख्या होतात. वरच्या गालाला लागतात, खालच्या जिभेला. त्यात लगाम ओढला की गाल त्या धारेवरच दाबला जातो. म्हणजे हे दुखणं माणसाच्या दावणीचं आहे. घोडा आपण घरात आणला त्या दिवशी ते सुरू झालं.

पण माणसानं घोड्याच्या तोंडात पाहिलं ते पुढच्या खोलीत, आणि तेही दुखणं शोधायला नव्हे, वय शोधायला.

आपल्याकडे म्हण आहे, धर्माची गाय आणि दात का गं नाय. दानात आलेल्या गाईचे दात मोजू नयेत. (खरं तर गाईला वरचे पुढचे दात मुळातच नसतात, पण म्हणीला पशुवैद्यक विचारायचं नसतं.) विकतच्या जनावराचे मात्र मोजायचेच. वराहमिहिरानं सहाव्या शतकात बृहत्संहितेत घोड्याच्या लक्षणांवर अध्याय लिहिला, त्यात दातांवरून वय सांगायची रीत एका श्लोकात बसवली आहे. सहा पांढरे दात असले तर शिंगरू वर्षाचं. तेच तांबूस दिसले तर दोन वर्षांचं. मग मधली, त्यालगतची आणि कडेची जोडी पडून नवी आली की तीन, चार, पाच वर्षं. पुढं तीन-तीन वर्षांचे टप्पे: दातावर काळी खूण, मग पिवळी, पांढरी, काचेसारखी, मधाच्या रंगाची, शंखासारखी, मग खड्डा, मग दात हलणं, शेवटी पडणं. बत्तीस वर्षांचं घोड्याचं आयुष्य चार ओळींत! पाच वर्षांपर्यंतचा हिशेब मी विद्यार्थ्यांना शिकवला तोच आहे.

शालिहोत्राच्या नावावर सांगितली जाणारी अश्ववैद्यकाची परंपरा, नकुलाच्या नावावरचं अश्वचिकित्सित, जयदत्ताचं अश्ववैद्यक ही आपली जुनी घोड्यांची शास्त्रं. शालिहोत्रावरूनच मराठीत घोड्याच्या वैद्याला साळोत्री म्हणू लागले. फारसीत त्याचा सालोतर झाला, त्या नावाच्या ग्रंथाचं इंग्रजी भाषांतर १७८८ साली कलकत्त्यात छापलं गेलं, आणि पुढं गोऱ्यांच्या पलटणींतही देशी पशुवैद्याला 'सलोत्री' हेच नाव राहिलं. एका ऋषीचं नाव पगारपत्रकापर्यंत पोहोचलं.

युरोपातही नजर पुढंच होती. प्राचीन ग्रीक लेखक झेनोफोननं घोडा विकत घेताना दातांच्या खुणा पाहायला सांगितलं आहे. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिडनी गॅल्वेन हा घोडे माणसाळवणारा एका उभ्या रेघेमुळे प्रसिद्ध झाला. वरच्या कडेच्या दातावर ती दहाव्या वर्षी हिरडीपाशी उगवते, पंधराव्याला निम्म्यावर येते, विसाव्याला टोकाला पोहोचते, असा त्याचा हिशेब. १९९०च्या दशकात इंग्लंडमध्येच वय माहीत असलेल्या घोड्यांवर हे दातांचं ज्योतिष तपासलं गेलं, तेव्हा म्हाताऱ्या घोड्यांच्या बाबतीत जाणकारांचेही अंदाज बरेच चुकले. व्यापाऱ्यांना हे आधीपासून ठाऊक असावं. झिजलेल्या दातात कोरून, तापल्या लोखंडानं काळा खड्डा उठवायचा आणि बारा वर्षांचा घोडा सात वर्षांचा म्हणून विकायचा, ही लबाडी इतकी चालायची की इंग्रजीत तिला स्वतंत्र नाव आहे. म्हणजे घोड्याच्या दातावर सर्वांत कसबी काम झालं ते गिऱ्हाइकाला फसवण्यासाठी.

दुखण्यासाठी दाताला हात लागल्याचा सर्वांत जुना पुरावा मंगोलियातला आहे. तिथल्या गवताळ प्रदेशात दगडी स्मारकांभोवती पुरलेल्या घोड्यांच्या कवट्या अभ्यासकांनी तपासल्या आणि २०१८ साली निष्कर्ष छापले. साधारण इ. स. पूर्व ११५०च्या सुमारास कुणीतरी वाकडा आलेला पुढचा दात कापायचा प्रयत्न केला होता. पुढं इ. स. पूर्व ७५०च्या आसपास धातूची कडी घोड्याच्या तोंडात आली, आणि त्याच सुमारास पहिल्या दाढेपुढचा वाटाण्याएवढा दात उपटल्याच्या खुणा दिसू लागल्या. इंग्रज या दाताला लांडग्याचा दात म्हणतात. तो चावायच्या कामाचा नाही. कडी त्यावर आपटली की घोडा डोकं उडवतो. म्हणजे त्या धनगरांना कळलं होतं, की घोडा मुद्दाम आडमुठेपणा करत नाही, त्याला लागतंय. आणि हेही, की लागतंय ते आपण घातलेल्या लोखंडानं. माझ्या धंद्याचे पहिले पूर्वज मी त्यांनाच मानतो. पण तेही पट्टी ओलांडून मागच्या काळोख्या खोलीत गेले नाहीत. जाणार कसे? हात चावला जाईल, आत उजेड नाही, आणि पाचशे किलोच्या जनावराला तोंड उघडं ठेव म्हणून सांगता येत नाही.

दिसत नाही तिथं माणूस कल्पना लढवतो. घोडा खात नाही ना? मग ओठ उचला, जे दिसेल त्यावर इलाज करा. दिसते ती पुढच्या दातांमागची फुगीर तालू. अडीच ते साडेचार वर्षांच्या घोड्याचे दुधाचे दात पडून नवे येत असतात, तेव्हा ती फुगणारच. पण युरोपात शतकानुशतकं तिला रोग समजून तापल्या लोखंडानं जाळत आले. आमच्या शेजाऱ्यानं चंद्रीला सुचवलेला डाग तोच. दुखणं मागं, डाग पुढं.

आपल्या मराठ्यांचं राज्य घोड्याच्या पाठीवर उभं राहिलं. भीमथडीच्या तट्टांच्या कथा आपण अजून सांगतो. पागा, मोतद्दार, चाबुकस्वार, नालबंद, साळोत्री असा सगळा संसार होता. शिवाजी महाराजांचं १६७३ सालचं चिपळूणच्या छावणीबद्दलचं पत्र वाचावं: दाणा-वैरण पावसाळाभर पुरवून वापरा, आताच उधळली तर घोडी उपाशी मरतील, आणि दिव्याची जळती वात उंदरानं ओढून नेली तर गवताच्या गंजी पेटतील, इथपर्यंत काळजी. घोड्याच्या तोंडाशी काय येतं याचा एवढा बारीक विचार करणारं दुसरं राजपत्र माझ्या वाचनात नाही. तोंडाशी आलेला घास पुढं आत कसा दळला जातो, ते पाहणं मात्र साळोत्र्याच्या आणि नालबंदाच्या अंगठ्यावर सोपवलेलं होतं. तो अंगठा शहाणा होता. त्याच्या हातात हत्यार तेवढं खुराचं होतं.

इंग्रजी अमलात घोड्यांचा वैद्य शाळेत तयार होऊ लागला. पुण्यात १८६२ साली लष्करी पशुवैद्यक शाळा निघाली. मुंबईत १८७४ साली घोड्यांची ट्राम सुरू झाली, तिच्या तबेल्यांत शेकडो घोडे होते. व्हिक्टोरिया गाड्या, अरबी घोड्यांचे व्यापारी, ऑस्ट्रेलियाहून जहाजानं येणारे वेलर आणि महालक्ष्मीचं रेसकोर्स धरलं तर ती मुंबई घोड्यांचंच शहर होती. २ ऑगस्ट १८८६ रोजी परळला, बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाच्या जनावरांच्या रुग्णालयाच्या आवारात, पशुवैद्यकीय महाविद्यालय उघडलं. त्याच महाविद्यालयात १९७०मध्ये मी दाखल झालो.

तिथं पहिल्या वर्षी एक शब्द कानावर आला: फ्लोटिंग. घोड्याचे दात 'फ्लोट' करायचे. आम्ही मुलं बुचकळ्यात. दात तरंगवायचे कसे? सर म्हणाले, गवंड्याचा रंधा पाहिलाय का? गिलावा सारखा करायचा? इंग्रजीत त्याला फ्लोट म्हणतात. दाढांच्या उंच कडा तेवढ्या सारख्या करायच्या, भिंत पाडायची नाही.

हे काम अमेरिकेत आणि युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धंदा म्हणून उभं राहिलं, कारण शहरं घोडे ओढत होते आणि न खाणारा घोडा म्हणजे बंद पडलेली गाडी. १८८०मध्ये क्लार्क यांचं घोड्यांच्या दातांवरचं पुस्तक न्यूयॉर्कमध्ये छापलं गेलं, १९०६मध्ये शिकागोच्या मेरिलाट यांचं पशुदंतवैद्यकावरचं. लांब दांड्याच्या कानशी आल्या, जबडा उघडा ठेवणारे लोखंडी सापळे आले. अखेर माणसाचा हात मागच्या खोलीत शिरला. पण शिरताना अडकित्त्यासारखे मोठे चिमटेही घेऊन गेला. उंच वाढलेली दाढ कडकन कापायची, आणि कधी कधी ती मुळापर्यंत चिरायची. गावोगाव फिरणारे दंतवाले घोड्याला पाडून, बांधून काम उरकत. हत्यार आलं, पण घोड्याला ते सोसवत नव्हतं.

मग मोटार आली. शहरांतले घोडे गेले, त्यांच्याबरोबर ही विद्याही मागं पडली. जर्मनीत एर्विन बेकर यांनी लष्करी घोड्यांसाठी विजेवर चालणारी उपकरणं १९३०च्या दशकात बनवली होती, ती पुढं बराच काळ विसरल्यासारखीच झाली. मी शिकत होतो तेव्हा घोड्याच्या दाढांना अभ्यासक्रमात एक तास होता. त्याचा निम्मा वेळ वय ओळखण्यात गेला.

हळुवारपणा आला तो औषधाच्या बाटलीतून. हे वाक्य ऐकायला बरं वाटत नाही, पण खरं आहे. झायलाझिन हे औषध १९६२ साली जर्मनीत तयार झालं; पुढच्या दोन दशकांत ते आणि त्याची भावंडं घोड्यांच्या दवाखान्यांत रुळली. शिरेत टोचलं की काही मिनिटांत घोड्याचं डोकं खाली येतं, खालचा ओठ लोंबतो, उभ्या उभ्या गुंगी चढते. ओठ पिळायला नको, पाडायला नको. डोक्याला दिवा बांधून, आरसा घालून एकेक दाढ पाहता येते. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आजोबांच्या हातातली ती काठी आली. आजोबा चंद्रीला मुलीसारखं जपत. उस्तादाचा हात हलका होता. दोघांच्या मनात माया होती, आणि तरीही त्यांना तिचा ओठ पिळावाच लागला. मायेनं दाढ दिसत नाही. त्याला उजेड लागतो, ज्ञान लागतं, आणि थांबायचं कुठं ते कळावं लागतं.

थांबण्याचं तर आता जास्तच. विजेच्या कानशीनं पाच मिनिटांत इतकं घासलं जातं, की दाढेचं जातंच गुळगुळीत होऊन जावं. दाढेच्या पोटात जिवंत गर आहे, तो घासण्याच्या उष्णतेनं मरतो. आणि वर्षाला दोन-तीन मिलिमीटरच्या हिशेबानं मिळालेली शिल्लक एका सकाळी उडवली, तर ती कधीच परत येत नाही. "बास, जास्त नको" हे उस्तादाचं वाक्य यंत्रवाल्यांनी पाठ करावं.

लोक विचारतात, डॉक्टर, चांगला माणूस ओळखायचा कसा? कागद आधी पाहा. आपल्याकडे १९८४च्या भारतीय पशुवैद्यक परिषद कायद्यानं उपचार नोंदणीकृत पशुवैद्यानं करायचे आहेत, आणि गुंगीचं औषध हे तर घोड्याच्या हृदयाशी खेळणं आहे. ब्रिटनमध्ये पशुवैद्यांच्या संघटना दंत-तंत्रज्ञांची परीक्षा घेतात, ठरावीक कामं त्यांना करू देतात. गुंगी तिथंही पशुवैद्यच देतो. पण कागद पुरत नाही. जो आल्या आल्या तोंडाला हात घालतो, त्याला चहा पाजून परत पाठवा. चांगला माणूस आधी गव्हाण पाहतो, गोळ्या पडल्यात का. मग लीद फोडून पाहतो, त्यात लांब काड्या आहेत का. घोडा खाताना बघतो. बाहेरून गालावर अंगठा फिरवतो, उस्तादासारखाच. तोंड धुऊन, सापळा लावून, दिव्यानं आत पाहतो, आणि मालकालाही दाखवतो. काय केलं ते लिहून ठेवतो. आणि जेवढं कमी घासता येईल तेवढं कमी घासतो.

निवृत्तीनंतर एका वर्षी मी सारंगखेड्याला गेलो. तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा, दत्तजयंतीपासून भरणारा घोड्यांचा मोठा बाजार. बरोबर माझी एक विद्यार्थिनी, आता घोड्यांचीच वैद्य. बाजारात सगळीकडे एकच दृश्य: ओठ वर, अंगठा आत, "अदंत", "दोनदाती", "जुळलेली". एका घोडीनं मला थांबवलं. अबलख, देखणी, आणि पायांशी पाच-सहा हिरव्या गोळ्या.

"चारदाती आहे, बघा की," मालकानं ओठ उचलला.

"मागं बघितलंय का कधी?"

"मागं काय बघायचं साहेब? किंमत पुढं असते."

वीस मिनिटांनी घोडी मान खाली घालून उभी होती. मॅडमनी, म्हणजे माझ्या विद्यार्थिनीनं, मालकाचा हात धरून, सापळ्याच्या आडोशानं, त्याचं बोट शेवटच्या दाढेपर्यंत नेलं. त्यानं बोट बाहेर काढून आधी बोटाकडे पाहिलं, मग लगामाकडे. काही बोलला नाही. काम झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही फेरी मारली तेव्हा घोडीच्या पायांशी गवताचा चुरा होता, गोळ्या नव्हत्या.

पैशांचा विषय निघाला तसा त्यानं खांद्यावरचा रुमाल माझ्या हातावर टाकला. बाजाराची रीत, भाव रुमालाखाली बोटं दाबून ठरतो. मॅडमना ती भाषा येत नव्हती, म्हणून मी बसलो. त्यानं दोन बोटं दाबली, मी चार. तो तीनवर आला. माझ्या पाहण्यात मागच्या दाढांचा भाव त्या बाजारात पहिल्यांदाच ठरत होता. कमीच ठरला. पण ठरला.